दरारा तालमीचा, हिशेब दुकानाचा

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारात भूखंड पाडले, आणि दोन पिढ्यांत या पट्ट्यातील सार्वजनिक बोलण्याची घडणच कारखान्याच्या गेटवर होऊ लागली. वेतनकरार, पाळी, ओव्हरटाइम, कायम, कंत्राटी, ट्रेनी हे शब्द येथे प्रचारसभेत जितके चालतात तितकेच लग्नाच्या बैठकीतही चालतात. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर धरलेले उपोषण आणि २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यात सुमारे पन्नास दिवस चाललेला संप, या दोन्हींचा शेवट कामगारांच्या मनासारखा झाला नाही. तरीही कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून न राहता वाटाघाटी करता येतात, ही जाणीव अशा लढ्यांनी येथे रुजवली. त्याच पट्ट्यात, त्याच कामगारांच्या मुलांना नोकरी देणाऱ्या व्यायामशाळांत मात्र ही जाणीव पोचलेली दिसत नाही. फ्लोअरवरचा प्रशिक्षक, फ्रंट डेस्कवर बसणारी मुलगी आणि आरसे पुसणारी मावशी यांना कोणी कामगार म्हणत नाही, आणि ती स्वतःही स्वतःला कामगार समजत नाहीत.

या ठिकाणी ‘प्रतिकूल कार्यसंस्कृती’ ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरायची हे आधी ठरवले पाहिजे, कारण मालक रागीट आहे किंवा व्यवस्थापक तोंडाळ आहे एवढ्याने कोणतेही कामाचे ठिकाण प्रतिकूल ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांची जी व्याख्या केली आहे, तीत शारीरिक, मानसिक व लैंगिक इजेबरोबरच आर्थिक इजाही धरली आहे, आणि असे वर्तन एकदाच घडले की वारंवार, हा भेद गौण मानला आहे. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. परंतु व्यायामशाळांतील अनुभव समजून घेण्यासाठी ही व्याख्या उपयोगी पडते, कारण सर्वांसमोर केलेला पाणउतारा आणि अडवून ठेवलेला पगार या तेथे दोन वेगळ्या तक्रारी नसतात. पगार अडवता यावा म्हणून पाणउतारा केला जातो, आणि पगार अडकलेला असतो म्हणून पाणउतारा सोसला जातो. व्यायामशाळेतील अपमानास्पद वागणूक हा स्वभावदोष मानून ‘नेतृत्वविकासा’च्या शिबिरांनी तो दूर होईल अशी अपेक्षा धरणे त्यामुळेच व्यर्थ आहे. ती वागणूक ही कमी पैशांत जास्त वेळ माणसे बांधून ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीला दोन गोष्टींनी आधार दिला आहे. एक म्हणजे तालमीच्या परंपरेतून उसना घेतलेला दरारा, आणि दुसरी म्हणजे या कर्मचाऱ्यांच्या नोकरीला कायद्याच्या दृष्टीने मुद्दाम अनिश्चित ठेवलेले रूप.

पद्धत कशी चालते हे दिवसाच्या मांडणीतच दिसते. औद्योगिक पट्ट्यातील व्यायामशाळेला गिऱ्हाईक कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे मिळते. पहिल्या पाळीची बस पकडण्यापूर्वी येणारे, जनरल शिफ्ट संपवून येणारे आणि हिंजवडीकडून वाहतूक कोंडी पार करून रात्री उशिरा पोचणारे असे सभासदांचे गट असल्यामुळे गर्दी पहाटे आणि संध्याकाळी असते, मधली दुपार रिकामी जाते. प्रशिक्षकाला म्हणून ‘ब्रेक शिफ्ट’ दिली जाते, म्हणजे एकाच दिवसाच्या कामाचे दोन तुकडे केले जातात. पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते दहा अशी वेळ धरली, तर कागदावर काम दहा तासांचे दिसते; पण माणूस कामाशी बांधला जातो तो साडेसोळा तास. मोशीत किंवा म्हाळुंग्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, लातूर, नांदेड, बीड, यवतमाळकडून आलेल्या मुलाला दुपारचे ते साडेसहा तास ना झोपेला पुरत ना दुसऱ्या कामाला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये कामाच्या एकूण विस्ताराची, म्हणजे विश्रांतीसह पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतच्या कालावधीची, मर्यादा मुळात साडेदहा तासांची होती, आणि खंडित स्वरूपाच्या कामासाठीही ती बारा तासांपलीकडे जात नव्हती. कारखान्यात कोणी साडेसोळा तासांचा विस्तार लावला असता तर दुसऱ्या दिवशी गेटवर सभा झाली असती. व्यायामशाळेत त्याच गोष्टीला ‘पॅशन’ म्हणतात.

वेळेच्या या ताणावर विक्रीच्या उद्दिष्टाचा ताण चढतो. व्यायामशाळेचा धंदा वार्षिक वर्गणीच्या आगाऊ पैशांवर चालतो, आणि त्यातील उघड गुपित असे की जानेवारीत पैसे भरून मार्चनंतर न फिरकणारा सभासद हा सर्वांत फायद्याचा सभासद असतो. यंत्रांचे हप्ते, जागेचे भाडे आणि विजेचे बिल दर महिन्याला येत असल्याने नवे प्रवेश आणि ‘रिन्युअल’ सतत मिळवत राहणे भाग पडते, आणि हे काम स्वतंत्र विक्रेत्यांकडे न देता प्रशिक्षकांवर टाकले जाते. मूळ पगार जेमतेम ठेवून उरलेली कमाई ‘पीटी’तून, म्हणजे एखाद्या सभासदाने स्वतंत्र मार्गदर्शनासाठी भरलेल्या जादा शुल्काच्या हिश्श्यातून, करायची असते, तो हिस्सा किती आणि कधी मिळेल हे मात्र बहुधा तोंडी ठरते. रोज रात्री व्हॉट्सअॅपच्या समूहावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाचा आकडा टाकायचा, ज्याच्यापुढे शून्य असेल त्याला त्याच समूहावर, सगळ्यांच्या देखत, त्याच्या शरीरावरून, खेड्यावरून किंवा इंग्रजीवरून बोलायचे, आणि सकाळी तोच माणूस हसतमुखाने फ्लोअरवर उभा असला पाहिजे असे बजावायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज झाला आहे. या समूहातून बाहेर पडणे म्हणजे नोकरीतून बाहेर पडणे, हे कोणी लिहून दिलेले नसते; ते सांगण्याचीही गरज नसते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. गिऱ्हाइकाच्या मनात ठरावीक भावना उत्पन्न व्हावी म्हणून कर्मचाऱ्याने स्वतःच्या भावना दाबणे किंवा घडवणे हेही श्रमच असून मालक त्यांची किंमत वसूल करतो, असे त्यांचे म्हणणे होते. व्यायामशाळेतील प्रशिक्षकाला हा श्रम तर करावाच लागतो, शिवाय त्याचे स्वतःचे शरीरही विक्रीच्या मांडणीत ठेवलेले असते. शिकागोतील मुष्टियोद्ध्यांबरोबर सराव करून लिहिणारे लोईक वाकाँ अशा शरीराला भांडवल म्हणतात; पण येथे त्या भांडवलाची गुंतवणूक नोकर करतो आणि नफ्याचा मोठा वाटा मालक घेतो. अंडी, चिकन, प्रोटीन पावडर यांचा खर्च बारा-पंधरा हजारांच्या पगारात कसा बसायचा, हे ज्याचे त्याने पाहायचे असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत मेफेंटरमाइन या इंजेक्शनच्या बेकायदा विक्रीवर वेळोवेळी कारवाई केली. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरायचे हे औषध व्यायाम करणाऱ्या तरुणांच्या हाती पोचले, ही बातमी गुन्हेगारीच्या पानावर येते आणि तेथेच संपते. ‘बॉडी उतरली’ म्हणून कामावरून कमी होण्याची भीती ज्याच्या डोक्यावर असते, त्याच्या बाबतीत ती कामगार-आरोग्याची बातमीही आहे, असे मानायला कामगार खाते तयार नाही, आणि वृत्तपत्रेही नाहीत.

एवढे सहन का केले जाते, या प्रश्नाचे उत्तर बेरोजगारी हे आहेच, पण तेवढ्यावर थांबणे उथळ ठरेल. भोसरी, चऱ्होली, मोशी या गावांत आजही कुस्तीला मान आहे, आणि तालमीत वस्तादाने हाताखालच्या पठ्ठ्याला शिवी द्यावी, काठी उगारावी, शंभर जोर जास्त काढायला लावावेत, हे रीतीला धरून मानले जाते. शरीर घडवायचे तर आधी अहंकार मोडावा लागतो, ही श्रद्धा तेथूनच येते, आणि व्यायामशाळेचा मालक, जो पुष्कळदा स्वतः जुना पैलवान किंवा शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला असतो, तीच श्रद्धा कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थापनात आणतो. त्याला ‘दादा’ किंवा ‘सर’ म्हटले जाते, आणि दादाकडे पगाराची चिठ्ठी मागणे हा उद्धटपणा ठरतो. मात्र तालमीतील कठोरपणाला एका बाजूने देण्याची जबाबदारी जोडलेली होती, हे येथे विसरले जाते. राजर्षी शाहूंच्या काळापासून कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाची सोय संस्थान, गाव किंवा तालीम करीत आली. वस्ताद पठ्ठ्याच्या जोडीची कुस्ती ठरवत असे, जत्रेच्या फडात त्याच्यासाठी उभा राहत असे, आणि पठ्ठा हरला तर वस्तादाचे नावही खाली जात असे. तालमीचा हा व्यवहार आदर्श होता असे मुळीच नाही. त्यात स्त्रिया नव्हत्या, आणि मारहाणीला शिस्त म्हणण्याची सोय तेव्हाही होती. तरीही त्या व्यवहारात घेणारा काही देणे लागत असे. आजच्या वातानुकूलित व्यायामशाळेने वस्तादाचा आवाज तेवढा ठेवला आणि खुराकाची जबाबदारी पगारदारावर ढकलली. ज्या दराऱ्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही, त्याला परंपरा म्हणणे हा परंपरेवरही अन्याय आहे.

दुसरा आधार कायद्याच्या फटीचा. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमात कर्मचाऱ्यांच्या संख्येची अट नव्हती; २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना केवळ सूचना देण्यापुरते बांधले आणि तास, रजा, ओव्हरटाइम यांच्या तरतुदींतून मोकळे केले. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दैनंदिन कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. मध्यम आकाराच्या व्यायामशाळेत एका शाखेत वीस माणसे क्वचितच असतात, आणि जेथे असतात तेथे काही प्रशिक्षकांना पगारपत्रकावर न घेता ‘फ्रीलान्सर’ दाखवून व्यावसायिक शुल्क दिले जाते, त्यावर आयकर कापला जातो आणि भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा यांचा प्रश्नच मिटवला जातो. त्याला वेळ ठरवून देणारा, गणवेश घालायला लावणारा, रजा नाकारणारा आणि दुसऱ्या व्यायामशाळेत शिकवायला मनाई करणारा मालक त्याच माणसाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणतो, यातील विसंगती उघड आहे. किमान वेतनाचा हक्क संख्येच्या अटीवर अवलंबून नाही, हे खरे. पण तो मागण्यासाठी आधी आपण नोकर आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि हजेरीचे रजिस्टर मालकाकडे असते, असलेच तर.

त्यापुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेचा इतका विस्तृत अर्थ लावला की शाळा, रुग्णालये, क्लबदेखील तीत येऊ शकले. परंतु सुंदरम्बाळ विरुद्ध गोवा सरकार या १९८८ च्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षिका ‘कामगार’ नाही, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, कुशल-अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम नव्हे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या बडतर्फीतून निघालेला हा निर्णय व्यायामशाळेच्या दारात येऊन थांबतो. प्रशिक्षक शिकवतो, म्हणून तो शिक्षक म्हणावा, की तो वजने उचलतो, यंत्रे पुसतो, डंबेल जागेवर लावतो आणि रिन्युअलचे फोन करतो, म्हणून कामगार म्हणावा? दिवसातील सर्वाधिक वेळ ज्या कामात जातो तो निकष लावला, तर उत्तर दुसऱ्या बाजूने झुकेल असे मानायला जागा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनीही हा वाद मिटवलेला नाही.

हा वाद पुस्तकी नाही. विष्णू तळवलकरांनी १९३२ साली मुंबईत सुरू केलेल्या व्यायामशाळेपासून वाढत गेलेली, २०१० साली शेअर बाजारात नोंदली गेलेली मराठी नावाची कंपनी २०१९ साली कर्जावरचे व्याज चुकवू शकली नाही आणि तिच्या शाखा बंद पडत गेल्या. अशा वेळी दिवाळखोरी संहिता, २०१६ प्रमाणे कंपनी मोडीत निघाली तर ‘कामगारां’ची मागील चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या सावकारांच्या रांगेत बसतात, आणि जे कर्मचारी कामगार ठरत नाहीत त्यांची केवळ बारा महिन्यांची देणी त्यांच्या मागच्या रांगेत जातात. फ्रीलान्सर ठरवलेला प्रशिक्षक तर त्याहीनंतर उभा राहतो. १३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने पुणे व पिंपरी-चिंचवडसह काही शहरांतील व्यायामशाळा बंद केल्या आणि त्या उघडल्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. त्या सात महिन्यांत ज्यांना कोणीही पगार देणे लागत नव्हते, ते याच रांगेतले लोक होते. तेव्हा व्यायामशाळा उघडण्यासाठी जी निवेदने झाली ती मालकांच्या नुकसानीची होती, आणि प्रशिक्षक त्यांत मालकाच्या बाजूने उभे होते.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे, आणि म्हणून त्याची अंमलबजावणी न होणे अधिक खटकते. विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, झालेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याच्या ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था आणि क्रीडासंकुले नाव घेऊन घातली आहेत, धाक वा अवमान निर्माण करणारे प्रतिकूल वातावरण हाही छळ मानला आहे, आणि त्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या त्रयस्थांपासून, म्हणजे सभासदांपासूनही, संरक्षण देण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. परंतु ज्या मुलीने सभासदाच्या सलगीची तक्रार करायची, तिच्याच महिन्याच्या आकड्यात त्या सभासदाची वर्षाची वर्गणी मोजलेली असते, आणि ‘क्लायंट आहे, सांभाळून घे’ हे वाक्य तिला बहुधा स्त्री व्यवस्थापकाकडूनच ऐकावे लागते. शिवाय या कायद्याबाहेर प्रतिकूल वातावरणाची कल्पना आपल्याकडे जवळजवळ नाहीच. २०२३ साली न्यूयॉर्कमधील ज्यूरीने इक्विनॉक्स या बड्या व्यायामशाळा-साखळीविरुद्ध तिच्याच एका कृष्णवर्णीय माजी व्यवस्थापिकेच्या बाजूने वर्णभेदाच्या दाव्यात भरपाई ठरवली. तसाच अनुभव चिंचवडच्या एखाद्या मुलाला जातीवरून आला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची उंच पायरी चढण्यापलीकडे त्याच्या हाती दिवाणी स्वरूपाचा सोपा उपाय नाही.

मालकांची बाजू खोटी नाही. एकाच रस्त्यावर चार व्यायामशाळा उघडतात, दर पाडले जातात, आणि ज्याने घर गहाण ठेवून ट्रेडमिल आणल्या त्याला पाचवा महिना जड जातो. प्रशिक्षकही सभासद घेऊन शेजारच्या व्यायामशाळेत जातात, हाही त्यांचा अनुभव आहे. पण या अडचणीचा भार ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्याच्यावर टाकणे, त्याची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे, शेवटच्या महिन्याचा पगार ‘नोटीस’च्या नावाने दाबणे, आणि तो बोलला तर परिसरातील इतर मालकांना फोन करणे, यांतील एकही गोष्ट स्पर्धेने भाग पाडलेली नाही. ती सोपी आहे म्हणून केली जाते. आणि ती सोपी राहते, कारण हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत असतो. ही नोकरी त्याच्या दृष्टीने दोन वर्षांची सोय असते, आणि सोयीसाठी कोणी संघटना काढत नाही. कारखान्यांतील संघटनांना त्याच्यात रस नाही, कारण त्यांना कंत्राटी कामगारच आपले वाटायला पुष्कळ वर्षे लागली.

विखुरलेल्या, मालक बदलत राहणाऱ्या, शरीराच्या बळावर पोट भरणाऱ्या माणसांसाठी महाराष्ट्राकडे स्वतःचा नमुना आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले, नोंदणी आणि पगार त्या मंडळामार्फत होऊ लागले, आणि १९८१ साली तीच रचना खासगी सुरक्षारक्षकांसाठी वेगळ्या कायद्याने आणली गेली. चाकणमध्ये माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते अशी उद्योगांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. पण खंडणीखोर कायद्याचे नाव वापरतात म्हणून कायद्याने दिलेले संरक्षण मोडीत काढणे हा उपाय नव्हे. प्रशिक्षकांचे मंडळ उद्या होईल, अशी आशा बाळगण्यासारखी परिस्थिती नाही. त्याआधी करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे आणि ती महापालिकेच्या हातात आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने अनेक प्रभागांत व्यायामशाळा बांधल्या आणि त्या संस्थांना व मंडळांना चालवायला दिल्या. इमारत महापालिकेची असताना आत काम करणाऱ्याची हजेरी, लेखी नेमणूकपत्र, पगार बँकेत जमा होणे आणि स्थानिक समितीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावणे या अटी करारनाम्यात घालायला राज्य सरकारच्या कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. करारनाम्याच्या नूतनीकरणाची फाईल ज्या क्रीडा विभागातून फिरते, त्याच्या टिपणीत आज यंत्रांची संख्या, भाडे आणि वीजबिल यांचे रकाने असतात. कर्मचाऱ्यांचा रकाना त्यांत वाढवायचा की नाही, एवढाच निर्णय घ्यायचा आहे.